जेरावांची टोकण

ट्रॅफल्गारच्या लढाईत १८०५ साली नेल्सन पडला आणि इंग्रजी आरमाराची सूत्रं कथबर्ट कॉलिंगवुड या त्याच्या जोडीदाराच्या हाती गेली. इतिहासाच्या पुस्तकात कॉलिंगवुडसाहेबांच्या वाट्याला एवढंच एक वाक्य येतं. माझ्या मते साहेबांचं खरं कर्तृत्व रजेतलं. उभा जन्म समुद्रावर गेलेला, घरी येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. पण आले की खिसे एकॉर्नने, म्हणजे ओकच्या फळांनी, भरायचे, बाउन्स नावाच्या कुत्र्याला हाक मारायची आणि नॉर्थम्बरलंडच्या टेकड्या गाठायच्या. बरी जागा दिसली की एक फळ मातीत खुपसायचं आणि पुढे चालू लागायचं. वर्षानुवर्षांनी घरी आलेला नवरा खिशात बिया भरून कुत्र्याबरोबर बाहेर पडतो, यावर लेडी कॉलिंगवुड काय म्हणाल्या असतील याची कल्पना विवाहित वाचकांना करता येईल.

साहेबांचा हेतू निसर्गप्रेमाचा वगैरे नव्हता. इंग्लंडला पुढेमागे लढाऊ जहाजांसाठी लाकूड कमी पडू नये, एवढाच होता. नेल्सनच्या एकट्या ‘व्हिक्टरी’ जहाजात सुमारे सहा हजार झाडं गेली होती आणि त्यांतली बहुतेक ओकची होती. आता जहाजाच्या कामाला यायला ओकला शंभरेक वर्षं तरी हवीत. म्हणजे साहेबांनी खुपसलेलं फळ विसाव्या शतकाच्या तोंडावर आरमारात भरती होणार. तोवर थांबायला कोणाला वेळ होता? नेपोलियनशी भांडता भांडता ओकची चणचण भासू लागली, तशी इंग्रजांनी मुंबईच्या गोदीत वाडियांकडून मलबारच्या सागवानाची जहाजं बांधून घेतली. त्यांतलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. आणि १८६० साली ‘वॉरियर’ हे लोखंडी जहाज पाण्यात पडलं तेव्हा ओकची नोकरीच गेली. साहेबांची रोपं त्या वेळी ऐन साठीच्या आत-बाहेर होती, म्हणजे ओकच्या हिशेबाने मिसरूडही न फुटलेली.

स्वीडनची कथा याहून सरस आहे, कारण तिच्यात सरकार आहे. तिथे १८३० च्या दशकात वेटर्न सरोवरातल्या विसिंगसो बेटावर आरमारासाठी ओकची लागवड झाली, सुमारे तीन लाख झाडांची. वनखात्याने ती इमानेइतबारे सांभाळली. राजे बदलले, शिडं गेली, वाफ आली, वाफही गेली. १९७५ साली वनखात्याने आरमाराला कळवलं, की आपण मागितलेलं लाकूड तयार आहे. आपल्याकडच्या कचेरीत उमेदवारी केलेल्या कोणालाही ते पत्र डोळ्यांसमोर आणता येईल: ‘संदर्भ: आपले गेल्या शतकातील मागणीपत्र. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की…’ पाणबुड्या चालवणाऱ्या खात्याने ते पत्र कुठल्या फायलीला लावलं असेल? मला त्या वनखात्याविषयी नितांत आदर वाटतो. जगात दिलेल्या मुदतीत पूर्ण झालेलं ते बहुधा एकमेव सरकारी काम असावं. मागणाऱ्यालाच गरज उरली नव्हती, हा काही खात्याचा दोष नव्हे.

तर सांगायचं असं, की ओक पेरणारा माणूस हा मुळात भविष्याविषयी फार ठाम असतो आणि ओक त्याला दरवेळी तोंडघशी पाडतो.

पेरणी म्हणून पाहिली तर ही अगदी सोपी. आपल्याकडे कोणत्याही शेतकऱ्याने टोकण पद्धत ऐकल्यावर ‘मग यात नवीन काय?’ असंच विचारावं. भोक पाडा, बी घाला, माती सारा. फळ आडवं ठेवा, इंच-दोन इंच खाली घाला. रोपवाटिकेतून वाढवून आणलेल्या रोपापेक्षा अशी थेट टोकण बरी, असं म्हणणारा एक जुना आणि हट्टी पंथ आहे, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. ओकचं फळ रुजताना आधी सोटमूळ खाली सोडतं. वर दोन पानं दिसायला लागतात तेव्हा खाली मूळ कितीतरी खोल जाऊन बसलेलं असतं. पिशवीतल्या रोपाचं ते मूळ तळाला आपटून गोल गोल फिरायला लागतं आणि ती गोल फिरायची सवय त्याला पुढे मोकळ्या जमिनीतही सुटत नाही.

मेख आहे ती बियाण्यात. गहू, ज्वारी, चिंचोके वाळवून डब्यात भरा, पुढच्या वर्षी पेरा, उगवतात. ओकचं फळ वाळलं की मेलं. आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाची बी याच जातकुळीतल्या: ओलावा गेला की जीव गेला. म्हणून शरद ऋतूत फळ पडलं की लगेच गोळा करायचं आणि पाण्यात टाकायचं. बुडेल ते घ्यायचं, तरंगेल ते बहुतेक पोकळ. पोकळ का, तर आत सोंड्या भुंग्याच्या अळीने संसार केलेला असतो. या भुंग्याची सोंड त्याच्या अंगाच्या मानाने इतकी लांब, की बाईसाहेब तिने कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडं घालतात. अळी आत बसून पोटभर जेवते आणि एक गोल सुबक दार कोरून बाहेर पडते. भाडं नाही, पागडी नाही.

शिवाय ओकमध्ये पोटजाती आहेत आणि त्यांचे सोवळे-ओवळे वेगळे. इंग्लिश ओक किंवा अमेरिकेतला पांढरा ओक यांचं फळ झाडावरून पडलं की त्याच हिवाळ्याच्या तोंडावर मूळ काढतं. तांबड्या ओकच्या फळाला पिकायला दोन वर्षं लागतात, पडल्यावर त्याला एक अख्खा हिवाळा थंडीत घालवायचा असतो, आणि मग वसंतात स्वारी डोळे उघडते.

आमच्या नात्यातले एक काका कृषी खात्यातून निवृत्त झाले आणि मुलीकडे इंग्लंडला राहायला गेले. परदेशी मुलांकडे गेलेल्या मराठी बापासमोर दुपारी दोन ते चार काय करायचं हा मोठा प्रश्न असतो. काकांनी तो पहिल्याच ऑक्टोबरात सोडवला. फिरायला जाताना कापडी पिशवी न्यायची आणि येताना ती एकॉर्नने भरून आणायची.

“बाबा, हे कशाला?”

“पेरायला.”

“कुठे? आपल्या अंगणात? तो ओक आहे बाबा, तुळस नाही. साठ फूट वाढतो.”

“साठ फूट होईल तेव्हा बघू. तुझं घराचं कर्ज फिटायच्या आत नाही होणार.”

उंदीर हिवाळ्यात उकरून खातात म्हणून काकांनी पेरणी वसंतात करायची ठरवली. हा विचार शास्त्रशुद्ध होता, तिकडचे वनवालेही तसं करतात. फळं ओलसर ठेवायची आणि गार ठेवायची. तेव्हा ओल्या वाळूसकट ती पिशवी फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी गेली. एका रात्री जावईबापूंनी, सासऱ्यांनी काहीतरी खास सुकामेवा आणलाय अशा समजुतीने त्यातलं एक सोलून तोंडात टाकलं. ओकच्या फळात टॅनिन भरपूर, चव तुरट-कडू. पण सासऱ्यांनी आणलेल्या वस्तूला वाईट कसं म्हणायचं? त्यांनी ते गिळलं. जानेवारीत पिशवी उघडून पाहिली तर फळांनी फ्रीजमध्येच मुळं सोडलेली. इंग्लिश ओक तो, त्याला तुमच्या वेळापत्रकाशी काय करायचंय? मुलगी म्हणाली, “बाबा, आता यांना भाडेकरू म्हणून नोंदवूया.”

राखणीचा प्रश्न मात्र कोणालाच सुटलेला नाही. ओकचं फळ म्हणजे पिठूळ, स्निग्ध, पौष्टिक ऐवज, आणि तो उघड्यावर जमिनीत पुरायचा. उंदीर, ससे, हरणं, डुकरं सगळ्यांना आमंत्रण. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये तर शतकानुशतकं चालत आलेला रिवाजच आहे: शरदात डुकरं जंगलात सोडायची. कारण हिरवी एकॉर्न घोड्यांना आणि गुरांना बाधतात; डुकरांना ती पचतात आणि रुचतात. म्हणजे एका प्राण्याला विषबाधा होऊ नये म्हणून दुसऱ्याला मेजवानी. ओकच्या मनाचा विचार यात कोणीच केलेला नाही.

सगळ्यांत पोहोचलेली म्हणजे अमेरिकेतली करडी खार. तिला पांढऱ्या आणि तांबड्या ओकमधला फरक वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याहून चांगला कळतो. तांबड्याचं फळ वसंतापर्यंत रुजत नाही, म्हणून ते ती पुरून ठेवते. पांढऱ्याचं लगेच रुजणार आणि साठ्याची वाट लागणार, म्हणून ते आधी खाऊन टाकते. आणि पांढरं पुरायचीच वेळ आली, तर पुरण्याआधी दाताने नेमका त्यातला कोंब कुरतडून काढते. फळ टिकतं, रुजायचं नाव घेत नाही. एवढी शस्त्रक्रिया करणाऱ्या प्राण्यासमोर आपण काठीला चिंधी बांधून बुजगावणं उभं करायचं म्हणजे जरा अपमानच. याच खारी एकोणिसाव्या शतकात हौसेने इंग्लंडला नेऊन सोडल्या गेल्या. पुढे हरणं-सशांपासून रोप वाचवायला १९७९ साली ग्रॅहॅम ट्युली या ब्रिटिश वनाधिकाऱ्याने रोपाभोवती प्लॅस्टिकची नळी उभी करायची युक्ती काढली. आता तिकडे डोंगरच्या डोंगर उभ्या नळ्यांनी भरलेले दिसतात. आत झाड आहे असं म्हणतात.

अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यात ओकची टोकण झाली ती मोठ्या प्रमाणावर, आणि तिची गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला ओळखीची वाटेल. नदीकाठची ओकची रानं १९६० आणि ७० च्या दशकांत सपाटून तोडली गेली, कारण सोयाबीनला भाव आला होता. सगळ्यांनी सोयाबीन केलं. जमिनी पाणथळ, नदी दर एक-दोन वर्षांनी शेतात यायची, भावही चढला तसा उतरला. पुढे सरकारने पैसे देऊन त्याच जमिनींवर पुन्हा रान उभं करायचं ठरवलं. एवढे ओक पेरणार कशाने? सोयाबीन पेरायची यंत्रं होतीच शेतकऱ्यांकडे. त्यांत थोडे फेरफार केले आणि एकॉर्न भरली. ज्या पिकापायी ओक गेले, त्याच पिकाच्या पेरणीयंत्राने ते परत आले. दुबार पेरणीचं याहून मोठं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. त्या पेरणीत एक मजेदार गोष्ट लक्षात आली. रानातल्या लहान मोकळ्या तुकड्यांत उंदरांनी सगळं साफ केलं. मोठ्या उघड्या शेतांत मात्र त्यांनी फारसा त्रास दिला नाही. उंदराला भूक असते, पण वर घार आहे हेही ठाऊक असतं.

ओक पेरणाऱ्यांत सगळ्यांत नावाजलेला माणूस मात्र झालाच नाही. झाँ जिओनो या फ्रेंच लेखकाच्या १९५३ सालच्या कथेतला एल्झेआर बुफिए हा धनगर रोज रात्री चांगली शंभर एकॉर्न निवडतो आणि दिवसा लोखंडी गजाने भोकं पाडत ओसाड डोंगरावर पेरतो. कथा मागवली होती एका अमेरिकन मासिकाने. विषय होता, तुम्हाला भेटलेला अविस्मरणीय माणूस. मासिकवाले नेटके, त्यांनी चौकशी केली, असा माणूसच नाही म्हटल्यावर कथा परत केली. ती दुसरीकडे छापून आली, जगभर गेली, तिच्यावरच्या १९८७ सालच्या चलच्चित्राला ऑस्कर मिळालं, आणि बुफिए खरोखरच होऊन गेला असं लोक मानू लागले. १९५७ साली जिओनोने एका वनाधिकाऱ्याला पत्रातून सरळ कळवलं, की हा गृहस्थ मी रचला, लोकांना झाडं लावायची गोडी लागावी म्हणून. मला त्या कथेतला हिशेब फार आवडतो. एक लाख पेरली, वीस हजार उगवली, त्यांतली निम्मी जातील, दहा हजार राहतील. आपल्याकडच्या वृक्षारोपणाच्या अहवालात शंभरांतली शंभर रोपं जगलेली असतात. कल्पित माणसाचा हिशेब खरा आणि खऱ्या माणसांचा कल्पित, हे फक्त वनीकरणातच घडतं.

आता या धंद्यातल्या खऱ्या उस्तादाकडे वळू. युरोपात जे नावाचा एक पक्षी आहे. कावळ्याच्या भावकीतला, आपल्या टकाचोराचा चुलतभाऊ, पंखावर निळ्या पट्ट्या, आवाज कर्कश. ‘जे’ म्हटलं की मराठी वाचक पुढच्या ‘ते’ची वाट पाहत बसतो, म्हणून मी त्यांना जेराव म्हणतो. शरद आला की जेराव ओकवर बसतात, निवडून चांगली फळं काढतात, काही गळ्यात कोंबतात, एक चोचीत धरतात आणि उडत जाऊन मोकळ्या माळावर एकेक फळ वेगवेगळ्या जागी मातीत दाबतात. एका हंगामात एक पक्षी अशी काही हजार फळं पुरतो. बुडतं की तरंगतं हे बघायला त्यांना बादली लागत नाही.

क्लेमेंट रीड नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला १८९९ साली प्रश्न पडला होता, की हिमयुग संपल्यावर ओक ब्रिटनच्या उत्तर टोकापर्यंत पोहोचला कसा. सहाशे मैलांचं अंतर, आणि फळ पडतं ते झाडाच्याच बुंध्याशी. असं पडत पडत जायचं तर दहा लाख वर्षं लागली असती, आणि एवढा वेळ कोणी दिला नव्हता. उत्तर पक्ष्यांत होतं. ओक चालत गेले नाहीत, ते उचलून नेले गेले.

लोक म्हणतात, जे पक्षी विसराळू, म्हणून ओक उगवतात. ही शुद्ध बदनामी आहे. त्यांची स्मरणशक्ती उत्तम असते. अडचण हव्यासाची आहे. मे महिन्यात पापड, कुरडया, सांडगे करताना आमच्या आजीला जसं घरात माणसं किती हे आठवायचं नाही, तसं त्यांचं होतं. साठा गरजेहून जास्त, उरलेला रुजतो. आणि रुजल्यावरही जेराव हक्क सोडत नाहीत. जूनच्या सुमाराला कोवळं रोप दिसलं की ते चोचीत धरून जरा वर ओढतात, खाली शिल्लक राहिलेल्या फळातला गर काढून पिल्लांना भरवतात आणि निघून जातात. रोप बहुधा जगतं. मुद्दल सोडून व्याज नेणारा सावकार मी पहिल्यांदाच पाहिला.

इंग्लंडात केंब्रिजशरमध्ये मंक्स वुड नावाच्या जुन्या रानाला लागून बार्लीचं एक शेत होतं, चार हेक्टरांचं. १९६१ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी ते मुद्दाम सोडून दिलं. नांगर नाही, पेरणी नाही, कुंपण नाही, नळी नाही. बघूया काय होतं ते, एवढीच योजना. आधी काटेरी झुडपं आली. शेजारच्या रानातून जेराव आले, त्यांनी आपली टोकण केली, आणि रोपांना हरणं-सशांपासून सांभाळायचं काम काट्यांनी केलं. आज तिथे दाट रान उभं आहे आणि त्यात ओकच मातब्बर आहेत. उद्घाटन झालं नाही, हीच काय ती त्रुटी.

स्वीडिश लोक हिशेबाला पक्के. विसिंगसोचा अनुभव गाठीशी असल्यामुळे असेल, पण २००६ साली तिथल्या संशोधकांनी एक बिल तयार केलं. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय नागरी उद्यानात जे पक्षी जे काम फुकट करतात, ते माणसांकडून करून घ्यायचं तर किती खर्च येईल? उत्तर आलं: पक्ष्यांच्या एका जोडीमागे, बी पेरलं तर सुमारे ४,९०० डॉलर, रोपं लावली तर सुमारे २२,५०० डॉलर. या रकमेत चहापाणी, जीप आणि फलक धरलेले आहेत की नाहीत ते मला माहीत करून घ्यायचं नाही. माझा निकाल झालेला आहे: ओक पेरायचे तर जेरावांनी. माणसाने फारतर दोन झाडं जुनी राखावीत, काटे उपटू नयेत आणि बाजूला व्हावं.

राहता राहिला सवाल मुलांकडे जाऊन येणाऱ्या आईवडिलांचा. परतताना कृपा करून खिशात एकॉर्न आणू नका. परदेशी बियाणं परवान्याशिवाय देशात आणता येत नाही, आणि आपल्या सह्याद्रीत ओक नाही. हिंदुस्थानात तो हिमालयात आणि ईशान्येकडे सापडतो. हात शिवशिवत असतीलच तर जून तोंडावर असताना फणस आणा. गरे खा आणि आठळ्या ताज्या आहेत तोवर टोकून टाका. वाळल्या की त्यांची फक्त भाजी होते.